मूळ कागद माझ्यापाशी

३ नोव्हेंबर, सोमवार

उंदरानं खाल्ले. सकाळी शटर वर करते तोच पहिलं गिऱ्हाईक हे सांगत उभं. पिकअपचे कागद डॅशबोर्डच्या खणात ठेवलेले, आणि त्याच खणात चिवड्याचा फुटका पुडा. आरसीचं कार्ड कडेनं कुरतडलेलं, विम्याचा तर नुसता भुगा. "मॅडम, डुप्लिकेट निघंल ना?" कागदाचं निघेल. अकलेच्या डुप्लिकेटचा फॉर्म अजून आलेला नाही.

जवळा बाजारात हे झेरॉक्स आणि ऑनलाइनचं दुकान टाकून मला नऊ वर्षं झाली. गाडीचे कागद माणसं कुठं कुठं ठेवतात याची मी यादी केली तर लोक म्हणतील बाई खोटं बोलते. मोटारसायकलच्या डिक्कीत, तेलाच्या फडक्यात गुंडाळून – बाहेर निघतो तो काळा लगदा. बायकोच्या लग्नातल्या शालूच्या घडीत – आणि शालू नणंद घेऊन गेली. एकानं फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवला, मूळ कागद टाकून दिला, आणि मोबाइल विहिरीत पडला. एकाकडं तेरा झेरॉक्स आहेत, ओरिजनल एक नाही. मी विचारलं, झेरॉक्स कशावरून काढल्या? म्हणे, झेरॉक्सवरून.

काउंटरवर पाटी लावली आहे. मोठ्या अक्षरात – "गाडीत फक्त झेरॉक्स ठेवा. मूळ कागद घरात, प्लास्टिकच्या पाकिटात, एकाच जागी ठेवा. मोबाइलमध्येही काढून घ्या. जागा घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा." पाटीखाली उभे राहून मलाच विचारतात, "मॅडम, कागद कुठं ठेवावं?"

४ नोव्हेंबर, मंगळवार

आजचे गुरुजी. आरसी, विमा आणि लायसन – तिन्ही एकावर एक ठेवून एकाच प्लास्टिकमध्ये लॅमिनेशन करून आणलं. आता फक्त वरचा कागद वाचता येतो. "सुरक्षित राहील म्हणून." आणि हा माणूस लेकरांना शिकवतो.

५ नोव्हेंबर, बुधवार

एक म्हातारी आली. तांड्यावरची, हट्ट्याच्या अलीकडच्या. रुख्मिणीबाई आडे. पोरगा देविदास मोटारसायकलवरून येताना हट्ट्याच्या रस्त्यावर एका सायकलवाल्या म्हाताऱ्याला धडकला. त्याला आज सहा दिवस झाले. सायकलवाले उत्तमराव, त्यांचं कंबरेचं हाड मोडलं. देविदासचा जबडा मोडला आणि उजवा हात. दोघंही नांदेडला दवाखान्यात. पोलिसांनी गाडी नेली, म्हणाले गाडीचे कागद आणा, विमा असला तर उत्तमरावांचं कंपनी बघेल. नसला तर देविदासनं बघायचं.

कागद कुठं आहेत ते फक्त देविदासला माहीत. आणि देविदासचा जबडा तारेनं बांधलेला.

म्हटलं, घरात दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही? "न्हाई बाई. त्यो लई जपून ठेवतो." जपून! असं जपून की स्वतःच्या आईलाही सापडू नये.

गाडीचा नंबर घेऊन मोबाइलवर पाहिलं. आरसी दिसते. विमा ऑगस्ट २०२२ ला संपलेला. त्यानंतर काही नाही. मी सरळ सांगितलं, मावशी, विमा काढलेलाच नाही तुमच्या पोरानं. सगळे असंच करतात, गाडी घेताना एकदा काढायचा आणि मग देवाच्या भरवशावर फिरायचं.

"काढला बाई. औंदाच काढला. बाजारात येऊन काढला. माज्यापुढून गेला त्यो."

मी म्हटलं, मग कागद आणा. उठली, पायऱ्या उतरली. अडाणी माणसाशी वाद घालण्यात माझा अर्धा जन्म गेला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

म्हातारी परत. काल संध्याकाळी नांदेडला जाऊन आली. देविदासला डाव्या हातानं लिहायला जमेना, म्हणून खुणा करतो म्हणे. बोट गोल फिरवतो. "असं, असं करतंय लेकरू." मग हिनं घरी येऊन काय केलं – गोल म्हणजे कणगी! सगळी ज्वारी अंगणात ओतली. तळापर्यंत हात घातला. काही नाही. मग पिठाचा डबा. मग तवा सुद्धा उलटा करून पाहिला. तव्याखाली विमा!

८ नोव्हेंबर, शनिवार

आज एक गाठोडंच आणलं. त्यात शिलाई मशीनचं गॅरंटी कार्ड, कुणाच्या तरी पोलिओच्या डोसाचा कागद, लाइटची बिलं, एक लग्नपत्रिका. तिला वाचता येत नाही, म्हणून जे जे छापलेलं ते ते घेऊन आली. माझ्या काउंटरवर पसरलं सगळं. मागं चार माणसं रांगेत. डोकं उठलं माझं.

मीच म्हटलं, सुनेचा फोन आहे का? सून शीला दवाखान्यात त्याच्यापाशी आहे. व्हिडिओ कॉल लावला. देविदास दिसला – तोंड सुजून भोपळ्याएवढं, डोळे मात्र जागे. मी मोठ्यानं विचारलं, कागद कुठं आहेत? त्यानं बोट गोल फिरवलं. मग थांबला. मग एकच बोट हळूहळू, तुटक तुटक पुढं सरकवलं – टक, टक, टक.

घड्याळ. भिंतीवरचं घड्याळ.

मी बोलले तसं त्यानं डोळे मिटले आणि मान हलवली. तीन दिवस त्या माणसाचं बोट फिरतंय आणि घरचे ज्वारी उपसतायत! म्हातारी मात्र काउंटरला धरून उभी राहिली. म्हणाली, "बाई, तू हुशार हायेस." ते मला माहीत आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

सापडला. घड्याळाच्या मागं, खिळ्याला अडकवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. घड्याळाचा सेल तोच बदलतो, दुसरं कुणी हात लावत नाही. जागा वाईट नाही. पाणी नाही, उंदीर नाही. एवढंच की कुणाला सांगितलं नाही.

म्हातारीनं पिशवी माझ्या हातात दिली तेव्हा मला जरा ओशाळल्यासारखं झालं. आरसीचं कार्ड कोरं करकरीत. विम्याचा कागद रंगीत, चार घड्या, एकही डाग नाही. देविदास आडे, गाडीचा नंबर बरोबर, १६ फेब्रुवारी २०२५ पासून एक वर्ष. म्हणजे काढला होता त्यानं. मी चुकले.

पण मग मोबाइलवर का दिसत नाही? कंपनीच्या साइटवर पॉलिसी नंबर टाकला. असा नंबर नाही. परत टाकला. नाही. तिसऱ्यांदा एकेक आकडा बोट ठेवून टाकला. नाही.

कागद उजेडात धरला. डाव्या कडेला वरून खालपर्यंत एक बारीक निळी रेघ. केसासारखी.

ती रेघ मी ओळखते. जानेवारी-फेब्रुवारीत आमचा प्रिंटर प्रत्येक कागदावर तशी रेघ ओढायचा. ड्रम बदला म्हणून मी नवऱ्याशी, विकासशी भांडले होते. मार्चमध्ये बदलला.

म्हातारी समोर बसलेली. "बराबर हाय ना बाई?" मी म्हटलं, साइट बंद आहे मावशी, कागद ठेवून जा, मी बघते. नऊ वर्षांत मी गिऱ्हाइकाला खूप काही बोलले. खोटं पहिल्यांदा बोलले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

१६ फेब्रुवारी रविवार होता. मी वसमतला होते, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. पाच दिवस दुकान विकासकडं होतं.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा कॉम्प्युटर उघडून बसले. सृष्टीच्या शाळेच्या फोटोंचं फोल्डर. त्याच्या आत फोल्डर. त्याच्या आत एका कंपनीची पॉलिसी, जिच्यात नाव आणि नंबर बदलता येतात. आणि तयार झालेले कागद, एकेक नावानं. एकेचाळीस.

लेकीच्या स्नेहसंमेलनाच्या फोटोंखाली ठेवलंय. जागा चांगली शोधली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

विकासला विचारलं. सृष्टी शाळेत गेल्यावर, चहा ठेवताना. मला वाटलं होतं तो नाकबूल होईल. नाही झाला. बशीत चहा ओतला आणि फुंकर मारत बोलत राहिला.

"अगं, विमा कोणाला पाहिजे? पोलिसानं अडवलं की दाखवायला कागद पाहिजे. कागद दिला. खऱ्या विम्याच्या निम्म्यात. त्यांचीच तकलीफ कमी केली मी."

मी म्हटलं, एक माणूस कंबर मोडून पडलाय.

"ते मी पाडलं का?"

मग कप खाली ठेवला आणि म्हणाला, "तूच म्हणतेस ना रोज. ही माणसं कागद वाचत नाहीत. कुठं ठेवला ते त्यांना माहीत नसतं. उंदीर खातो, पाणी लागतं. मग त्यात खरं छापलं काय आणि खोटं छापलं काय?"

मी रोज म्हणते. जेवताना म्हणते. दिवसभरातले नमुने त्याला हसून सांगते – शालूवाला, लॅमिनेशनवाले गुरुजी. तो पण हसायचा. मला वाटायचं माझ्या बोलण्याला हसतोय. तो गिऱ्हाईक हेरत होता.

काय माणसाबरोबर मी बारा वर्षं राहिले. शर्टाला इस्त्री केल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. लोक म्हणतात, मॅडम तिखट पण साहेब किती गोड. गोडच होता.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रुख्मिणीबाई आली. मी आधीच उत्तर तयार करून ठेवलं होतं – साइट अजून बंद, वगैरे. तिनं विचारलंच नाही. बाकावर बसली, पाणी प्याली. देविदासला आता पातळ पेज देतात म्हणाली. उत्तमरावांचं ऑपरेशन झालं, ती त्यांनाही बघून आली. "त्यांची सून माज्याशी बोलली न्हाई. काहून बोलंल."

मग म्हणाली, "कागद बरा हाय ना?"

मी म्हटलं, आहे.

"मंग ऱ्हाऊ दे तुज्यापाशीच. तुज्यावानी जपून कोन ठेवतंय."

आणि गेली. मूळ कागद, पोराच्या बाजूचा एकुलता एक पुरावा, परक्या बाईच्या ड्रॉवरमध्ये टाकून गेली! पावती नाही, झेरॉक्स नाही, काही नाही. इतका भाबडेपणा पाहिला की मला राग येतो. आज मात्र राग नीट येईना.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

विकासनं कागद मागितला. "दे, मी जाळून टाकतो. ती काय म्हणणार? हरवला म्हणायचं. तिच्या पोराच्या गाडीला विमा नव्हताच, मोबाइलवरही तेच दिसतंय. दुकान तुझ्या नावावर आहे, दीक्षा. आत कोण जाईल ते बघ."

ते मी पाहिलंय. दुकान माझ्या नावावर, कॉम्प्युटर माझ्या नावावर, लॉगिन माझं. बायकोच्या नावावर दुकान असलं की किती बरं, म्हणून सासरे सगळीकडं सांगत हिंडले होते.

म्हटलं, दुकानात राहिलाय, उद्या देते. आणखी एक खोटं. आता सवय होतेय.

कागद पिशवीत होता. घरात कुठं ठेवू? कपाटाची किल्ली त्याच्याकडंही असते. स्वयंपाकघरात तो येत नाही असं मला वाटायचं – हल्ली काहीच सांगता येत नाही. गादीखाली पहिल्यांदा बघेल. देव्हाऱ्यासारखं आमच्यात काही नाही, बाबासाहेबांच्या फोटोमागं ठेवायला हात धजला नाही. अर्धा तास मी माझ्याच घरात चोरासारखी फिरत होते. शेवटी सृष्टीच्या गणिताच्या पुस्तकाचं खाकी कव्हर उसवलं आणि त्याच्या आत सरकवला.

पाटीवर मी लिहिलंय, जागा घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. कुणाला सांगू?

१५ नोव्हेंबर, शनिवार

सृष्टी पुस्तक शाळेत घेऊन गेली. अर्थात घेऊन जाणार! शनिवारी गणित असतं, आणि कव्हर उसवण्याआधी मी वेळापत्रक पाहिलं नाही. मी, जी लोकांना जागा शिकवते.

सकाळचे चार तास दुकानात काय केलं ते आठवत नाही. एका माणसाच्या सातबाऱ्याऐवजी दुसऱ्याचाच काढून दिला. तो वाचून परत आला – "मॅडम, हे माझं नाव न्हाई." वाचतात की.

पोरगी आली तेव्हा दारातच दप्तर घेतलं. कागद होता. कव्हरवर तिनं निळ्या पेननं एक मांजर काढली आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

विकासनं आज कपाट आवरलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. माझ्या साड्या सुद्धा घडी करून परत ठेवल्या. गादी उन्हात टाकली. माझ्याकडं न बघता, शिट्टी वाजवत.

मी दुकानात जाऊन ते एकेचाळीस कागद पेनड्राइव्हवर घेतले. नावं वाचत गेले. बरीच ओळखीची. हळदीचा व्यापारी आहे, दोन आशाताई आहेत, पिकअपचा तो चिवडेवाला आहे – त्याच्या विम्याचा भुगा झाला म्हणून मी मनात हसले होते. तो भुगाही आमच्याच दुकानचा.

हे लोक रोज रस्त्यावर आहेत. लेकरांना पुढं बसवून गाड्या चालवतात. विमा आहे अशा समजुतीत. आणि कागद जपतायत. कुणी गादीखाली, कुणी घड्याळामागं.

नऊ वर्षं मी विचारत आले, कागद कुठं ठेवला. कागद खरा आहे का, हे एकदाही नाही. माझ्याच प्रिंटरमधून निघत असताना नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

उद्या पोलीस ठाण्यात जाणार. विकासला सांगितलं. आधी हसला. मग म्हणाला, "त्या म्हातारीसाठी?" मग सृष्टीचं नाव घेतलं. मग रडला. मी बारा वर्षांत त्याला रडताना पाहिलं नव्हतं. पाहून काही वाटलं नाही, याचंच वाईट वाटलं.

वकिलाला फोन केला. तो म्हणाला, तुम्ही स्वतःहून जाऊ नका. मी म्हटलं, मग कोण जाणार?

सृष्टीला दोन दिवसांसाठी वसमतला आईकडं सोडून आले. सकाळच्या एसटीनं. येताना जागा मिळाली नाही. पिशवी पोटाशी धरून उभी राहिले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कागद आणि पेनड्राइव्ह हवालदाराच्या टेबलावर ठेवला. तोंड उघडणार तेवढ्यात त्यानं ड्रॉवर ओढून एक रंगीत झेरॉक्स काढली. तोच कागद. डाव्या कडेला रेघ. त्याला कंपनीचं पत्र टाचलेलं – पॉलिसी खोटी आहे.

"दहा तारखेला सकाळीच म्हातारीनं दिली ही. तुमच्याकडं येण्याआधी. तेराला कंपनीचं उत्तर आलं. देविदासनं आता डाव्या हातानं कसंबसं तुमच्या दुकानाचं नाव लिहून दिलंय."

मी विचारलं, मग आला का नाहीत?

"निघालोच होतो. तिनं थांबवलं. रोज येऊन बाहेर बसती. म्हणती, सायेब, चार-सहा दिस थांबा. ती बाई तोंडानं कडू हाय, पन कागदाला खोटी न्हाई. ती येती का न्हाई, बघा."

माझा जबाब लिहायला दोन तास लागले. बाहेर आले तर रुख्मिणीबाई बाकावर बसलेली. सरकली, आणि पदरानं शेजारची जागा पुसली.